ईआरपीनेक्स्ट इन्स्टॉल होताना अडलंय? पुसून टाकण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू सर्व्हर टाकून त्यावर ईआरपीनेक्स्ट बसवलं. व्हिडिओत सगळं सरळ गेलेलं दिसतं, कारण अडलेला भाग मी कापलाय. तुमच्याकडे ते इतकं सरळ जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. म्हणून हा लेख फक्त अडण्याबद्दल आहे. कुठे अडतं, का अडतं, आणि अडल्यावर सगळ्यात आधी काय करायचं नाही.

एक सूचना. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना स्पेलिंग व्हिडिओच्या स्क्रीनवरून बघून घ्या. सगळी उदाहरणं उबंटू २२.०४ आणि ईआरपीनेक्स्टच्या व्हर्जन १५ ची आहेत.

माझे अकरा दिवस

माझं प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. ईआरपीनेक्स्ट निवडलं कारण लायसन्सचे पैसे नाहीत, डेटा आपल्याच मशीनवर राहतो, आणि ते बनवणारी फ्रॅपे ही कंपनी मुंबईची, त्यामुळे जीएसटी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. तिचे संस्थापक ऋषभ मेहता यांनीही सुरुवात घरच्या फर्निचरच्या धंद्यापासूनच केली होती. म्हटलं, दुकानदाराचं दुखणं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, बसवू.

पहिल्यांदा इन्स्टॉल केलं तेव्हा ते चाललं. ‘बेंच स्टार्ट’ अशी कमांड द्यायची, ती काळी खिडकी उघडी ठेवायची आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बिलं करायची. अकरा दिवस बिलं झाली. अडचण एकच, लाईट गेली की मशीन परत चालू करून, लॉगिन करून, हाताने पुन्हा ‘बेंच स्टार्ट’ द्यावं लागायचं. मी दुकानात नसलो की बिलिंग बंद. म्हणून एका रविवारी प्रॉडक्शन सेटअप करायला बसलो, म्हणजे मशीन चालू झालं की सॉफ्टवेअर आपोआप उठेल.

सेटअप पूर्ण झाला. ब्राउझर उघडला तर पांढरं पान, निळ्या लिंक एकाखाली एक, ना रंग ना बटणं. लग्नपत्रिकेचा नुसता मजकूर छापून यावा आणि डिझाइन गायब असावं, तसं. मला वाटलं इन्स्टॉलेशन बिघडलं. संध्याकाळचे सात, सोमवारी दुकान उघडायचं. डोक्यात एकच विचार, सगळं उडवून नव्याने टाकू, पहिल्यांदा जमलं होतं तसं परत जमेल.

‘फ्रॅपे बेंच’ नावाचा अख्खा फोल्डर डिलीट केला. बॅकअप घेतलेला होता हो! पण बॅकअपच्या फायली बेंच त्याच फोल्डरच्या आत, साइटच्या ‘प्रायव्हेट’मध्ये ‘बॅकअप्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्या पण गेल्या.

पुन्हा इन्स्टॉल करताना नवी साइट बनवायच्या कमांडवर गाडी अडली. मेसेज आला की या नावाचा डेटाबेस आधीच आहे. आता शांतपणे वाचा हे वाक्य. माझी अकरा दिवसांची बिलं तेव्हासुद्धा जिवंत होती. डेटाबेस मारियाडीबीमध्ये असतो, बेंचच्या फोल्डरमध्ये नसतो. फोल्डर पुसला तरी बिलं मारियाडीबीत सुखरूप होती आणि तो मेसेज मला तेच सांगत होता. मी मात्र तो अडथळा समजलो. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की शेवटी ‘हायफन हायफन फोर्स’ लावा, होतं. लावलं. झालं. ‘फोर्स’ने जुना डेटाबेस पुसून त्याच नावाचा नवा, कोरा डेटाबेस बनवला.

वडिलांचा हट्ट होता की कॉम्प्युटर कितीही आले तरी कार्बन कॉपीचं बिलबुक बंद करायचं नाही. मी त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. जीएसटीआर-१ भरायची तारीख ११ होती. त्याआधीच्या दोन रात्री मी आणि बायकोने त्या बिलबुकातून एकेक बिल परत चढवलं. वडील काही बोलले नाहीत, फक्त चहा करून आणून दिला.

आणि मूळ बिघाड काय होता? एका फोल्डरची परवानगी. एका ओळीची कमांड. ती खाली सांगतो, कारण उबंटू २२.०४ वर ती बहुतेकांना लागते.

नळाला पाणी नाही म्हणून पाइपलाइन उखडत नाहीत

हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो. वरच्या मजल्यावर नळाला पाणी येत नसेल तर आधी टाकीत पाणी आहे का बघा, मग मेन व्हॉल्व, मग मजल्याचा व्हॉल्व, मग नळ. सर्व्हरचंही तसंच आहे. ईआरपीनेक्स्ट हे एक सॉफ्टवेअर नाही, एकापुढे एक जोडलेली चार-पाच सॉफ्टवेअर आहेत.

टाकी म्हणजे मारियाडीबी. बिलं, स्टॉक, ग्राहक, सगळा डेटा इथे. तिच्या बाजूला रेडिस, हा तात्पुरत्या गोष्टी आणि मागे रांगेत चालणारी कामं सांभाळतो. मग पायथनमध्ये लिहिलेलं मुख्य अ‍ॅप्लिकेशन, ते ८००० नंबरच्या पोर्टवर बसतं. प्रॉडक्शनमध्ये त्याच्यापुढे एनजिनएक्स असतो, काउंटरवरच्या पोरासारखा. ब्राउझरची मागणी घेतो, फोटो आणि डिझाइनच्या फायली स्वतः देतो, बाकीचं आत पाठवतो. आणि सुपरवायझर नावाचा प्रोग्राम ही आतली मंडळी मशीनबरोबर उठवतो, कोणी पडलं तर परत उभं करतो.

बिघाड झाला की पहिला प्रश्न हा विचारायचा की पाणी कुठपर्यंत येतंय. टाकीपासून सुरुवात करा.

‘सिस्टिमसीटीएल स्टेटस मारियाडीबी’ द्या. हिरव्या अक्षरात ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ दिसलं तर टाकी भरलेली आहे. ‘रेडिस सीएलआय’ला पोर्ट १३००० देऊन ‘पिंग’ म्हणा, उत्तर ‘पॉन्ग’ यायला हवं. मग त्याच मशीनवरून ‘कर्ल’ने ८००० पोर्टला विचारा. तिथे उत्तर आलं म्हणजे अ‍ॅप्लिकेशन ठीक आहे आणि दुखणं त्याच्यापुढे आहे, एनजिनएक्समध्ये किंवा नेटवर्कमध्ये. उत्तर आलं नाही तर एनजिनएक्सला हात लावू नका, बिघाड आत आहे. प्रॉडक्शनमध्ये आतल्यांची हजेरी ‘सुडो सुपरवायझरसीटीएल स्टेटस’ने घ्यायची. सगळ्यांपुढे ‘रनिंग’ हवं. ‘फेटल’ किंवा ‘बॅकऑफ’ दिसलं तर त्याचीच लॉग फाइल उघडायची.

ब्राउझरमध्ये ‘५०२ बॅड गेटवे’ आलं की लोक घाबरतात. खरं तर ती अर्धी चांगली बातमी आहे. एनजिनएक्स चालू आहे, तुमची मागणी त्याच्यापर्यंत पोचली, फक्त आत कोणी उचलत नाहीये. म्हणजे नेटवर्क, फायरवॉल, आयपी हे सगळे विषय एका फटक्यात बाद. सरळ सुपरवायझरकडे जा.

एरर वाचायची कशी

इन्स्टॉल करताना स्क्रीनवरून शेकडो ओळी धावतात आणि शेवटी लाल रंगात काहीतरी येतं. आपण ती शेवटची ओळ कॉपी करून शोधायला लागतो. इथेच निम्मे लोक चुकीच्या रस्त्याला लागतात.

शेवटची ओळ बऱ्याचदा एवढंच सांगते की ‘मला पुढे जाता आलं नाही’. का आलं नाही ते वर असतं. उदाहरण घ्या. खाली लिहिलेलं असतं की ‘जीसीसी’ कमांड फेल झाली. लोक जीसीसी परत इन्स्टॉल करतात. ते असतंच, काही फरक पडत नाही. पंधरा-वीस ओळी वर गेलात तर दिसतं की ‘पायथन डॉट एच’ नावाची फाइल सापडली नाही. तिचं औषध वेगळं आहे, ‘पायथन३ डेव्ह’ हे पॅकेज. एक मिनिटाचं काम.

आता यात एक गोम आहे. पायथनची एरर जेव्हा ‘ट्रेसबॅक’ म्हणून येते, तेव्हा त्या एका ट्रेसबॅकमध्ये खरा दोष सर्वात खालच्या ओळीत लिहिलेला असतो. पण ट्रेसबॅक तीन आले असतील तर पहिला धरायचा, कारण पुढचे दोन बहुतेक वेळा पहिल्यामुळे आलेले असतात. म्हणजे पहिला ट्रेसबॅक आणि त्यातली शेवटची ओळ. माझ्या बॅचमध्ये हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवतो.

आणि ओळी वर निघून जाऊ नयेत म्हणून मोठी कमांड देताना तिचं आउटपुट ‘टी’ कमांडने एका फाइलमध्येही साठवा. ते कसं हे व्हिडिओत दाखवलंय. मग निवांत त्या फाइलमध्ये ‘एरर’ शब्द शोधता येतो. बाकी कायमच्या लॉग फायली बेंचच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्ज’ इथे असतात, एनजिनएक्सच्या ‘व्हार लॉग एनजिनएक्स’मध्ये, आणि मारियाडीबीसाठी ‘जर्नलसीटीएल’ला ‘हायफन यू मारियाडीबी’ देऊन विचारायचं.

डिझाइन गायब झालेलं पान

माझ्या अकरा दिवसांचा खरा गुन्हेगार. प्रॉडक्शन सेटअपनंतर साइट उघडते पण नुसता मजकूर दिसतो.

कारण असं आहे. डिझाइनच्या फायली एनजिनएक्स स्वतः देतो हे वर सांगितलं. त्या फायली असतात ‘होम’ फोल्डरमध्ये, तुमच्या युजरच्या नावाखाली, समजा युजर ‘फ्रॅपे’. एनजिनएक्स चालतो वेगळ्या युजरने. जुन्या उबंटूमध्ये एका युजरच्या होम फोल्डरमध्ये दुसऱ्याला डोकावता यायचं. उबंटू २१.०४ पासून नव्या युजरच्या होम फोल्डरची परवानगी ७५० करण्यात आली, म्हणजे बाहेरच्या कोणालाही आत पाऊल टाकता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्यामुळे एनजिनएक्स दारातच अडतो. ‘बेंच स्टार्ट’ने चालवताना हा त्रास नसतो, कारण तिथे एनजिनएक्स मध्ये येतच नाही, सगळं तुमच्याच युजरने चालतं. म्हणूनच अकरा दिवस काही झालं नाही आणि बाराव्या दिवशी झालं.

खात्री करायची असेल तर एनजिनएक्सची एरर लॉग उघडा. ‘१३: परमिशन डिनाइड’ अशा ओळी दिसतील, पुढे फाइलचं नाव. उपाय म्हणून ‘सीएचमॉड’ला ‘ओ प्लस एक्स’ देऊन तुमच्या होम फोल्डरचा पत्ता द्या. ‘एक्स’ म्हणजे दारातून आत जायची परवानगी, आतल्या सामानाची यादी बघायची नाही. तेवढीच पुरते. पान रिफ्रेश केलं की डिझाइन हजर.

इथे इंटरनेटवर हटकून एक सल्ला मिळतो, सगळ्यावर ‘७७७’ मारा. कृपा करून मारू नका. ७७७ म्हणजे प्रत्येकाला वाचायची, लिहायची, चालवायची मोकळीक. त्याच फोल्डरमध्ये ‘साइट कॉन्फिग’ नावाची फाइल असते आणि तिच्यात तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड उघड्या अक्षरात लिहिलेला असतो. गल्ल्याची किल्ली शटरला अडकवून घरी जाण्यातला प्रकार आहे तो.

परवानगीचाच दुसरा नमुना. एखादी बेंचची कमांड अडली म्हणून कोणीतरी पुढे ‘सुडो’ लावून चालवतो. चालते. पण त्या वेळी बनलेल्या फायली ‘रूट’च्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी तुमचा नेहमीचा युजर त्यांना हात लावू शकत नाही. मग पुन्हा ‘परमिशन डिनाइड’, पुन्हा सुडो, असं चक्र. यातून बाहेर पडायला ‘सीएचओन’ने अख्ख्या बेंच फोल्डरची मालकी परत आपल्या युजरला द्या. सुडो फक्त मार्गदर्शिकेत सांगितलंय तिथेच, उदाहरणार्थ प्रॉडक्शन सेटअपला.

नुसतं ‘किल्ड’ लिहून थांबलं

जुना कॉम्प्युटर किंवा स्वस्तातला क्लाउड सर्व्हर असेल तर हे येणारच. डिझाइनच्या फायली तयार होत असताना अचानक एक शब्द, ‘किल्ड’, आणि काम बंद. ना कारण ना काही. लोक चार वेळा तेच करून बघतात, चार वेळा तिथेच थांबतं.

मेमरी संपली. मशीनची रॅम भरली की लिनक्स स्वतःला वाचवायला जास्त खाणाऱ्या प्रोग्रामला मारून टाकतं. पुरावा हवा असेल तर ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, कोणाला मारलं त्याचं नावही असतं. बऱ्याचदा ‘नोड’ असतो. कधी कधी मारियाडीबीचा बळी जातो, मग एरर डेटाबेसची दिसते आणि आपण डेटाबेस खोदत बसतो.

रॅम वाढवता आली तर उत्तम. नाहीतर स्वॅप फाइल बनवा, म्हणजे हार्ड डिस्कचा थोडा भाग रॅमसारखा वापरायला द्यायचा. ४ जीबीची पुरते. ‘एफअ‍ॅलोकेट’ने फाइल बनवायची, परवानगी ६०० करायची, ‘एमकेस्वॅप’, मग ‘स्वॅपऑन’. आणि ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तिची ओळ टाकायला विसरू नका, नाहीतर लाईट जाऊन आली की स्वॅप गायब. स्वॅप हळू चालतो. इन्स्टॉलेशन पार पडेल, पण त्याच्या भरवशावर रोज तीन काउंटर चालवू नका.

मारियाडीबीचे दोन नखरे

पहिला पासवर्डचा. नवी साइट बनवताना बेंच मारियाडीबीच्या रूट युजरचा पासवर्ड विचारतं. तुम्ही देता, ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. तुम्हाला वाटतं पासवर्ड विसरलो. तसं नसतं. उबंटूवर मारियाडीबीचा रूट सुरुवातीला पासवर्डने आत येतच नाही, लिनक्सच्या रूटला तो ओळखीवर आत घेतो. म्हणून ‘सुडो’ लावून मारियाडीबीत शिरायचं आणि ‘ऑल्टर युजर’ने रूटला पासवर्ड द्यायचा. हा पासवर्ड कुठेतरी कागदावर लिहा, पण मॉनिटरवर चिकटवू नका.

दुसरा अक्षरांच्या कोष्टकाचा. फ्रॅपेला ‘यूटीएफ८एमबी४’ हा कॅरेक्टर सेट आणि त्याचाच ‘युनिकोड सीआय’ हा कोलेशन लागतो. उबंटूच्या मारियाडीबीत कॅरेक्टर सेट तोच असतो पण कोलेशन ‘जनरल सीआय’ असतं, म्हणून साइट बनवताना तक्रार येते की सेटिंग बरोबर नाही. (देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, इमोजी ४. नावातल्या ‘एमबी४’चा अर्थ तो.) सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी बदलायच्या. पण कुठल्या मथळ्याखाली लिहिता ते बघा. चौकटी कंसात ‘मायएसक्यूएलडी’ लिहिलेला भाग सर्व्हरचा, शेवटी ‘डी’ नसलेला भाग ग्राहक प्रोग्रामचा. ‘डिफॉल्ट कॅरेक्टर सेट’ ही ग्राहकाकडची ओळ चुकून ‘डी’वाल्या भागात पडली तर मारियाडीबी सुरूच होत नाही. जर्नलमध्ये ‘अननोन व्हेरिएबल’ असं स्पष्ट लिहून येतं, पण वाचलं तर ना. एका ‘डी’साठी माझ्या एका विद्यार्थ्याने शनिवार घालवलाय.

व्हर्जनची खिचडी

उबंटू २२.०४ च्या स्वतःच्या भांडारातून ‘नोड’ घेतला तर १२ मिळतो. व्हर्जन १५ ला १८ लागतो. म्हणून ‘एनव्हीएम’ वापरायचा. तो युजरपुरता असतो हे लक्षात ठेवा. रूटने लॉगिन असताना एनव्हीएम टाकलात आणि मग ‘फ्रॅपे’ युजरने आलात तर ‘नोड सापडत नाही’ असंच येणार.

आणखी एक. बेंच बनवताना आणि ईआरपीनेक्स्ट आणताना दोन्ही वेळा शाखेचं नाव द्या, ‘व्हर्जन हायफन १५’. नाही दिलं तर ‘डेव्हलप’ शाखा येते, जिथे रोज काम चालू असतं आणि जिला अजून नवे पायथन आणि नोड लागतात. एक १५ आणि एक डेव्हलप अशी जोडी जमली तर इतक्या विचित्र एरर येतात की त्यांचा अर्थ लावण्यात वेळ घालवू नका. अर्ध्या इंचाच्या पाइपला पाऊण इंचाचा एल्बो लागत नाही.

छोटी दुखणी, पटापट

साइटमध्ये ईआरपीनेक्स्ट घालताना ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि पुढे ११००० किंवा १३००० नंबर आला तर बेंचचा रेडिस चालू नाही. दुसऱ्या खिडकीत ‘बेंच स्टार्ट’ चालू ठेवा, मग परत कमांड द्या.

ब्राउझरमध्ये आयपी टाकल्यावर ‘ही साइट अस्तित्वात नाही’ अशा अर्थाचं आलं तर साइट आहेच, पण तिचं नाव वेगळं आहे. फ्रॅपे पत्त्यावरून साइट ओळखतं. ‘बेंच यूज’ देऊन तुमची साइट मुख्य म्हणून नेमून टाका.

एनजिनएक्स सुरू होताना ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणतोय तर ८० नंबरच्या दारात आधीच कोणीतरी बसलंय, बहुतेक अपाची. ‘सुडो एसएस’ला ‘एलटीएनपी’ देऊन कोण ते बघा. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये काहीही बदललं की आधी ‘एनजिनएक्स हायफन टी’, तो चूक ओळीच्या नंबरासकट दाखवतो.

काउंटरवरून साइट उघडत नाही पण सर्व्हरवर उघडते? मग मेसेजमधला फरक बघा. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे तो पत्ता बरोबर आहे, मशीनने उत्तर दिलं, पण त्या दारात कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही, फायरवॉल अडवतेय किंवा पत्ता चुकलाय. दुकानात दुसरा प्रकार बहुतेक लाईट जाऊन आल्यावर होतो, कारण राउटर सर्व्हरला नवा आयपी देऊन मोकळा होतो आणि काउंटर जुन्याच आयपीवर हाका मारत बसतो. राउटरमध्ये सर्व्हरसाठी आयपी राखून ठेवा.

बिलाची पीडीएफ निघते पण मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात, तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही. तुमच्या विंडोजवर असून उपयोग नाही, पीडीएफ सर्व्हर बनवतो. ‘फॉन्ट्स लोहित देवा’ हे पॅकेज टाका. आणि पीडीएफमध्ये हेडर-फूटर गायब असेल तर ‘डब्ल्यूके एचटीएमएल टू पीडीएफ’ उबंटूच्या भांडारातलं आहे. ‘विथ पॅच्ड क्यूटी’ लिहिलेलं ०.१२.६ लागतं.

खरंच पुसायची वेळ आली तर

कधी कधी नव्याने टाकणंच बरं पडतं, मी नाही म्हणत नाही. पण त्याआधी पाच मिनिटं द्या. साइट थोडीफार जरी चालत असेल तर ‘बेंच बॅकअप’ फायलींसकट घ्या, म्हणजे ‘विथ फाइल्स’ लावून. साइट मेली असेल, पण मारियाडीबी जिवंत असेल तर ‘मायएसक्यूएल डंप’ने डेटाबेस सरळ फाइलमध्ये उतरवा. त्या रविवारी मी एवढं केलं असतं तरी पुरलं असतं. साइटची ‘साइट कॉन्फिग’ फाइलही सोबत घ्या. तिच्यात ‘एन्क्रिप्शन की’ असते, ती गेली तर ईमेल वगैरेचे साठवलेले पासवर्ड नव्या जागी उघडत नाहीत, परत भरावे लागतात.

हे सगळं पेन ड्राइव्हवर घ्या. त्याच मशीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये नको. मग पेन ड्राइव्ह काढून खिशात टाका आणि मगच डिलीटला हात लावा. आणि ‘फोर्स’ हा शब्द असलेली कुठलीही कमांड टाइप केली की एंटर मारायच्या आधी विचारा, हा नक्की कोणावर जोर करणार आहे?

तरीही अडलात तर प्रश्न जरूर पाठवा, पण ‘सर, चालत नाही’ एवढंच लिहू नका. उबंटूचं व्हर्जन, ईआरपीनेक्स्टची शाखा, दिलेली कमांड, पहिला ट्रेसबॅक, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं, इतकं लिहा. पासवर्डच्या ओळी खोडून. पुढच्या व्हिडिओत रोज रात्री बॅकअप आपोआप दुसऱ्या मशीनवर कसा पाठवायचा ते बघू. बिलबुक आमच्याकडे अजून चालू आहे.